बासष्टावी पट्टी

माझा धाकटा भाऊ भालचंद्र मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता दांडेखिंडच्या चर्चमधल्या ऑर्गनच्या आत गेला, आणि रविवारी उपासनेची घंटा झाली तेव्हाही तो आतच होता. ऑर्गन बाहेरून आठ फूट खोल आहे. मी स्वतः टेप लावून मोजलेला आहे. आतून मात्र शेवटच्या नळीपर्यंत पोचायला भालचंद्रला मिरजेहून सांगलीला चालत जावं इतका वेळ लागला.

आम्ही मूळचे पेटी दुरुस्त करणारे. मिरजेत वडिलांचं दुकान होतं, ते गेल्यावर आम्ही दोघांनी चालवलं. लाकूड, चामडं, भाता ही भालचंद्रची कामं. कान माझा. स्वर केसभर उतरलेला असला तरी माझ्या दाढेत कळ येते, लहानपणापासून येते, त्यामुळे सूर लावायला मीच बसते. मी लग्न केलं नाही. भालचंद्रनं केलं, सुनंदाशी. आम्ही तिघं दुकानाच्या वरच राहतो.

दांडेखिंडच्या पाळकसाहेबांचं पत्र मार्चमध्ये आलं. त्यांचं नाव प्रभुदास अमोलिक. चर्चला मे महिन्यात दीडशे वर्षं पुरी होत होती आणि त्यांचा ऑर्गन बहात्तरच्या दुष्काळापासून मुका होता. त्या वर्षीच्या कोरड्या हवेनं भात्याचं चामडं फाटलं, ते तसंच राहिलं. आता मंडळी उरली होती एकतीस. वर्धापनदिनाला ऑर्गन वाजला तर मुंबई-पुण्याला गेलेली मुलं एक दिवस तरी परत येतील, असं त्यांनी लिहिलं होतं. त्याआधी आम्ही एका मिशन शाळेतला लहान ऑर्गन दुरुस्त केला होता. आम्ही हो म्हटलं.

पहिल्याच दिवशी पाळकसाहेबांनी आम्हाला चहा दिला आणि ऑर्गनची हकिकत सांगितली. तो साहेबाच्या काळात जहाजानं मुंबईला आला, तिथून रेल्वेनं, आणि घाट चढवायला एकोणीस बैलगाड्या लागल्या. तो बनवणारा कारागीरही बायकोला घेऊन आला होता, कारण जागेवर बसवल्याशिवाय ऑर्गन सुरात लागत नाही.

"चर्चच्या जुन्या वहीत ते दोघं आल्याची नोंद आहे," पाळकसाहेब म्हणाले. "बाई परत गेल्याचीही आहे."

"आणि तो?" भालचंद्रनं विचारलं.

"त्याचं काम उत्तम झालं असं लिहिलंय," पाळकसाहेब म्हणाले, आणि बशीतला चहा प्यायले.

आम्ही सहा आठवडे काम केलं. भात्याला नवं मेंढीचं चामडं चढवलं. नळ्यांमधून उंदरांची घरटी काढली, वाकलेल्या नळ्या लाकडी दांड्यावर चढवून सरळ केल्या. नळ्या शिसं आणि कथील मिसळून केलेल्या असतात. नळी बराच वेळ हातात धरली की ती आपल्या अंगाची ऊब घेते आणि मग जड वाटायला लागते. ऑर्गनच्या बाजूला आत जायचं एक लहान दार आहे. दाराच्या आतल्या अंगावर पेन्सिलीनं सात नावं लिहिली होती, वेगवेगळ्या अक्षरांत, प्रत्येकाखाली तारीख. दुरुस्ती करणाऱ्यानं आपलं नाव तिथे लिहायचं, अशी पद्धत आहे. मंगळवारी सकाळी आत जाण्याआधी भालचंद्रनंही कानामागची पेन्सिल काढून आपलं नाव लिहिलं. त्याचं अक्षर आमच्या वडिलांसारखं आहे.

ऑर्गन सुरात लावायला दोन माणसं लागतात. एक बाहेर पट्टी दाबून बसतो. दुसरा आत त्या पट्टीच्या नळीपाशी उभा राहतो आणि सुरीनं तिचा ओठ किंचित उचलतो किंवा दाबतो. नळीला ओठ असतात, कारागीर तसंच म्हणतात. ओठ उचलला की स्वर चढतो, दाबला की उतरतो. कान माझा, म्हणजे आत मी जायला हवं होतं. पण दार लहान, आणि माझे गुडघे चाळिशीतच गेलेले.

"तू बाहेरून सांग चढला का उतरला," भालचंद्र म्हणाला. "मी आत करतो. तुला कशाला त्या धुळीत."

भात्यावर तबिथाबाई वाघचौरे होत्या. सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, पांढऱ्या लुगड्यातल्या. त्यांच्या आजानं हा भाता ओढला होता, मग बापानं, मग बहात्तरपर्यंत त्यांनी. लाकडी दांडा खाली दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. त्या त्याकडे न बघता दांडा चालवत, घरात जातं ओढावं तसा.

पट्ट्या चोपन्न. मी डावीकडून सुरुवात केली. एक पट्टी दाबायची, ऐकायची. "उतरलाय." आत सुरीचा बारीक आवाज. "अजून. बस." मग भालचंद्र म्हणायचा, "हां, पुढची." दुपारी एकपर्यंत आम्ही चोपन्नाव्या पट्टीपाशी आलो. ती चिमणीसारखी बारीक वाजली. मी "बस" म्हणाले.

"हां, पुढची," भालचंद्र आतून म्हणाला.

"संपल्या," मी म्हणाले.

"नाहीत. अजून आहेत. समोर दिसतायत."

मी उजवीकडे पाहिलं. चोपन्नाव्या पट्टीनंतर शिसवी लाकडाचा ठोकळा असतो, तिथे पंचावन्नावी पट्टी होती. बाकीच्या पट्ट्यांसारखीच, हस्तिदंताची, मधोमध बोटानं झिजलेली. मी ती दाबली.

आणखी बारीक स्वर यायला हवा होता. आला तो माणसाच्या बोलण्याच्या उंचीचा. पुरुषाचा, वयस्कर, थोडा बसलेला.

"उतरलाय," मी म्हणाले, कारण तो उतरला होता.

"थांब, चालत जावं लागतंय," भालचंद्र म्हणाला. बऱ्याच वेळानं सुरीचा आवाज आला. स्वर चढला, जागेवर बसला. मी "बस" म्हणाले.

तबिथाबाईंनी दांडा दाबता दाबता मान हलवली. "हा साहेब," त्या म्हणाल्या. "पैला."

मी विचारलं नाही. ऑर्गन सुरात लावताना मधे बोललं की कान बिघडतो. छप्पन्नावी पट्टी होती, सत्तावन्नावी होती. प्रत्येक नळीपाशी पोचायला भालचंद्रला आधीपेक्षा जास्त वेळ लागत होता आणि त्याचा आवाज दर वेळी लांबून येत होता. प्रत्येक स्वर पुरुषाचा होता आणि प्रत्येकाचा गळा वेगळा होता. एकसष्टावा मला फार आवडला. गोड होता, किंचित नाकात.

"फेलिक्स मिस्त्री," तबिथाबाई म्हणाल्या. "गोव्याचा. माझ्या बापाच्या टायमाला आला व्हता. लई हसायचा."

मी तोवर बासष्टावी पट्टी दाबली होती.

काहीच वाजलं नाही. नुसता वारा, बाटलीच्या तोंडावरून फुंकल्यासारखा. मी ऐकत राहिले. पुष्कळ वेळ गेला.

"आक्का," भालचंद्रचा आवाज आला. तो इतका लांब होता की मला श्वास धरून ऐकावं लागलं. "इथे नळीच नाहीये. नुसतं भोक आहे. दोन पावलं मावतील एवढं."

"मग परत ये."

"वाट नाही मागे. लागलेल्या नळ्या एकमेकींजवळ सरकतात. मी मघापासून बघतोय, तुला बोललो नाही." फळीवर सुरी ठेवल्याचा आवाज आला. "भोकातून वारा येतोय. ऊन ऊन आहे. मी पाय ठेवून बघतो."

"नको ठेवू."

"ठेवला," तो म्हणाला.

माझ्या बोटाखालची पट्टी बोलायला लागली. काळी दोनच्या जरा खालचा स्वर, भालचंद्र सकाळी दात घासताना गुणगुणतो त्या उंचीचा. मी दचकून बोट उचललं. स्वर थांबला आणि आतून एक आवाज आला, तोंडावर उशी दाबलेल्या माणसाचा येईल तसा. मी लगेच पट्टी पुन्हा दाबली.

"बोट उचलू नको, आक्का," भालचंद्र म्हणाला. तो धापा टाकत होता. "वारा चालू आहे तोवर मी आहे."

मी म्हणाले, "बरं."

तेव्हा चर्चच्या घड्याळात तीन चाळीस झाले होते. पश्चिमेच्या रंगीत काचेतून उन्हाचा एक लाल पट्टा पडला होता, तो माझ्या मनगटावर होता. त्यानंतर तो तिथून हलला नाही.

पाळकसाहेब बाहेरून आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, बाहेर बुधवार आहे. तुम्ही काल रात्री जेवायला आला नाहीत म्हणून मी बघायला आलो."

"इथे अजून तीन चाळीस झालेत," मी म्हणाले.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग आपल्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, आणि ते काढून खिशात ठेवलं.

"लोहार बोलवा," मी म्हणाले. "हे सगळं फोडून काढा."

पाळकसाहेब ऑर्गनच्या दारापाशी गेले, वाकून आत पाहिलं आणि परत आले. "फोडायला आत काही नाही, बाई. चोपन्न नळ्या आहेत आणि मागे भिंत आहे. मी भिंतीला हात लावून आलो."

"मग माझा भाऊ कुठून बोलतोय?"

पट्टीच्या स्वरातून भालचंद्र म्हणाला, "नमस्कार, पाळकसाहेब."

"नमस्कार," पाळकसाहेब म्हणाले. ते पहिल्या बाकावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांत घालून. त्यांच्या मागे बाकांच्या आठ ओळी होत्या. काल नऊ होत्या. मी ते त्यांना सांगितलं. त्यांनी मागे वळून ओळी मोजल्या. "मंडळी कमीच आहे," ते म्हणाले, पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

ते गेल्यावर मी तबिथाबाईंना विचारलं, "फेलिक्स मिस्त्रीचं काय झालं होतं?"

त्या भाता ओढत होत्या. मंगळवारपासून त्यांनी दांडा सोडला नव्हता. त्यांच्यापाशीही तीच दुपार होती, त्यामुळे त्या दमल्या नव्हत्या. मलाही भूक नव्हती आणि झोप नव्हती.

"त्याची बायको बसली व्हती, तुमी बसलाय तिथं," त्या म्हणाल्या. "नऊ दिस बसली. बाप सांगायचा. पोटुशी व्हती. ती बोलायची, तो आतनं बोलायचा. मग त्याचं बोलणं सरलं, नुसता सूर राह्यला. मग सूर उतराया लागला. ते तिला ऐकवंना."

"मग?"

"मग तिनं बोट उचललं."

"मग?"

"मग चाळीस वरसं ऑर्गन लई ग्वाड वाजला." त्यांनी दांडा दाबला. "तिचा राग नका धरू, बाई. कुनी ना कुनी उचलतंच."

"मी उचलणार नाही."

"व्हय," त्या म्हणाल्या.

मी भालचंद्रशी बोलत राहिले. वडिलांच्या हाताखाली त्यानं पहिली पेटी उघडली ती कुणाची होती, असं मी विचारलं. तो म्हणाला, तासगावच्या भजनी मंडळाची, आणि तिच्यात झुरळं होती. मी म्हणाले, झुरळं नव्हती, वाळवी होती. तो हसला. हसणंही त्याच स्वरात आलं, एका सरळ रेषेत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बराच वेळ तो त्याच एका स्वरात बोलतोय. आवाज वर जात नव्हता, खाली येत नव्हता. प्रश्न विचारला तरी प्रश्नासारखा ऐकू येत नव्हता.

"तुला दुखतंय का?" मी विचारलं.

"नाही. पायांकडून गार होतंय. गार म्हणजे, जड."

"कुठवर?"

"कमरेवर आलंय. आक्का, सुनंदाला सांगू नको."

पण पाळकसाहेबांनी तिला फोन केला होता. ती शुक्रवारी एसटीनं आली. हातात डबा होता आणि काखेत भालचंद्रचा स्वेटर, कारण दांडेखिंडला थंडी असते असं तिनं ऐकलं होतं. ती दारातून आत आली आणि चार पावलांत माझ्यापाशी पोचली. चर्चमध्ये तेव्हा बाकांच्या तीन ओळी उरल्या होत्या. मागची भिंत सरकत आली होती, दरवाज्यासकट, दगडावरच्या शेवाळासकट. ऑर्गन मात्र बाहेरून आठ फूटच होता. मी सुनंदाला टेप धरायला लावून एका हातानं मोजलं.

"हे कुठायत?" तिनं विचारलं.

मी पट्टीकडे बघितलं. तिला समजायला वेळ लागला नाही. सुनंदा फार बोलत नाही, पण तिला गोष्टी लवकर कळतात. ती ऑर्गनच्या लाकडावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली. "जेवलात का?"

बराच वेळ नुसता स्वर चालू होता. मग त्यातून शब्द निघाले, एकेक, जड भांडं सरकवावं तसे.

"सुनंदा. इथे. वारा. चांगला. आहे."

"वांग्याची भाजी आणलीये," ती म्हणाली. "स्वेटर आणलाय."

"चांगला. आहे," भालचंद्र म्हणाला.

तिनं डबा उघडून ऑर्गनच्या दारात ठेवला. आतून येणाऱ्या वाऱ्यानं भाजीचा वास आमच्याकडेच परत आला. मग ती माझ्या शेजारी बाकड्यावर बसली. माझ्या हाताकडे बघून तिनं पदर तोंडाला लावला. माझं बोट दुसऱ्या पेरापर्यंत राखाडी झालं होतं, नव्या कथलाला असते तशी बारीक चमक होती त्याला.

"आक्का, तुम्ही आधी का नाही कळवलंत?"

"मला वाटलं, आज मंगळवारच आहे."

ती रडली नाही. दोन दिवस ती माझ्या शेजारी बसून त्याच्याशी बोलत होती. घराच्या गळक्या नळाबद्दल, समोरच्या कुलकर्ण्यांच्या लग्नाबद्दल. शनिवारी, म्हणजे पाळकसाहेब ज्याला शनिवार म्हणाले त्या दिवशी, त्यानं शेवटचा शब्द उच्चारला. तो सुनंदाच्या नावाचा पहिला अर्धा भाग होता. उरलेला अर्धा आला नाही. नुसता स्वर चालू राहिला.

"झोपले असतील," सुनंदा म्हणाली.

मी तिला खरं काय ते सांगितलं नाही. तबिथाबाई दांडा दाबत राहिल्या.

रविवारी सकाळी घंटा झाली आणि मंडळी आली. मुंबईहून, पुण्याहून, कुणी नाशिकहून. मुलांना घेऊन आले होते, नवे कपडे घालून. आत बसायला जागा नव्हती. मागची भिंत माझ्या बाकड्याला टेकली होती, दरवाजाची उघडी चौकट माझ्या पाठीला लागत होती, आणि लोक बाहेर पायऱ्यांवर आणि अंगणात उन्हात उभे होते. माझ्या मनगटावरचा उन्हाचा पट्टा दुपारचा होता, त्यांच्या डोक्यावरचं ऊन सकाळचं. पाळकसाहेब झगा घालून चौकटीत उभे राहिले. त्यांचा झगा माझ्या खांद्याला घासत होता.

"बाई, गीत घ्यायचंय," ते माझ्या कानाशी म्हणाले. "तुम्हाला दुसरी पट्टी दाबता येईल का?"

"नाही."

"मग या एका स्वरावरच गाऊ." त्यांनी हातातली गीतांची वही मिटली. "मी देवाला विचारलंय, बाई. पाच दिवस विचारतोय. तो काही बोलत नाही."

त्यांनी गीत सुरू केलं. एकतीस जणांना तोंडपाठ होतं, बाकीच्यांना अर्धवट आठवत होतं. खाली भालचंद्रचा स्वर तंबोऱ्यासारखा लागला होता आणि सगळे गळे त्याच्यावर येऊन टेकत होते. इतकं सुंदर गाणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. अंगणातली म्हातारी माणसं डोळे पुसत होती. कुणीतरी म्हणालं, "ऑर्गन काय लागलाय."

पहिलं कडवं संपत आलं आणि माझी दाढ ठणकली.

स्वर उतरला होता. केसभर. बाकी कुणालाच कळलं नाही, ते गातच होते. मी तबिथाबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे बघणं टाळलं. कळ दाढेतून जबड्यात आली, जबड्यातून कानात. अंगातली प्रत्येक शीर सांगत होती की बोट उचल. त्या बाईनं नऊ दिवसांनी का उचललं ते मला कळलं. हे वाईटपणानं होत नाही. ऊन भांड्यावरून हात जसा उचलला जातो, तसं होतं.

"सुनंदा," मी म्हणाले. "माझ्या बोटाशेजारी तुझं बोट ठेव. पट्टी दाबून धर. धरलीस?"

"धरली."

"काही झालं तरी उचलू नको. मला त्याच्यापाशी जायचंय."

"तुमचे गुडघे," सुनंदा म्हणाली.

मी बोट काढलं. ते पट्टीला चिकटलं होतं, ओढून सोडवावं लागलं. स्वर तुटला नाही. मी भालचंद्रच्या पेटीतली दुसरी सुरी घेतली आणि त्या लहान दारातून गुडघ्यांवर आत शिरले.

आत भिंत नव्हती. नळ्यांच्या फटींतून उजेड येत होता आणि पुढे वाट होती. पहिल्या चोपन्न नळ्यांमधून मी वाकून गेले. मागे वळून पाहिलं तेव्हा त्या एकमेकींना टेकल्या होत्या आणि त्यांच्यामधून हातही गेला नसता. पुढे नळ्या विरळ झाल्या. मी उभी राहून चालायला लागले. पायांखाली लाकडी फळ्या होत्या, फळ्यांखालून वारा वाहत होता, आणि गीत कधी पुढून तर कधी मागून ऐकू येत होतं. अंतर खूप होतं. पाच दिवसांची भूक आणि झोप मला त्या वाटेवर एकदमच लागली आणि तशीच निघून गेली.

मग त्या सात आल्या. लांब लांब उभ्या होत्या, एकेक, पुरुषभर उंचीच्या. मी त्यांच्या वरच्या भागाकडे पाहिलं नाही. पहिलीच्या पायाशी चामडी बूट होते, नाड्या नीट बांधलेले. सातवीपाशी आल्यावर मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही, मी वर पाहिलं. फेलिक्स मिस्त्रीचे ओठ हसल्यासारखे होते. ते तसे कापले होते की तसेच राहिले होते, कळत नव्हतं.

त्यांच्या पलीकडे भालचंद्र होता.

तो ताठ उभा होता, हात अंगाला लावून, आमच्या वडिलांसमोर उभा राहायचा तसा. गळ्यापर्यंत राखाडी झाला होता. शर्टाची बटणंही त्याच रंगाची होती, पण चेहरा अजून त्याचा होता, दाढी वाढलेली होती. तोंड थोडं उघडं होतं आणि त्यातून स्वर येत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा गार लागला आणि हळूहळू माझ्या हाताची ऊब घ्यायला लागला.

त्याचे डोळे माझ्याकडे वळले.

"मी आले," मी म्हणाले. "सुनंदा बाहेर धरून बसलीये. चल."

त्यानं पायांकडे नजर नेली. मी खाली बसून बघितलं. पावलं नव्हती. तिथे नळी लाकडात बसते तशी बसली होती, कुठे फट नव्हती. मी सुरीचं टोक घालून पाहिलं. ते आत शिरलं नाही. मी दोन्ही हातांनी त्याला कमरेला धरून वर ओढलं. तो हलला नाही, फक्त स्वर थरथरला, आणि बाहेर लांब कुठेतरी सगळी मंडळी त्याच्याबरोबर थरथरली.

मी रडत होते. मला ते माझ्या मनगटावर पडलेल्या पाण्यावरून कळलं. भालचंद्रच्या शेजारी, त्याच्यापासून हातभर अंतरावर, फळीत आणखी एक भोक होतं. त्यातून ऊन वारा येत होता आणि माझ्या साडीचे काठ हलत होते.

स्वर आणखी उतरला. आता तो कुणालाही कळला असता. बाहेरच्या गाण्यात एक-दोघांचे गळे अडखळले. भालचंद्रच्या कपाळावर घाम आला होता. त्यानं ओठ जुळवायचा प्रयत्न केला, स्वराच्या आतून, आणि मला त्याच्या तोंडाला कान लावावा लागला.

"उतरलोय ना मी," तो म्हणाला.

मी खोटं बोलू शकले असते. पण सुराबद्दल आम्ही एकमेकांशी कधी खोटं बोललो नव्हतो.

"हो," मी म्हणाले.

"किती."

"दोन केस."

"नीट कर."

"एकदा लागलास की वाट मिटेल, भालू. तू पुन्हा बोलणार नाहीस."

"दुखतंय, आक्का," तो म्हणाला. पाच दिवसांत तो पहिल्यांदाच असं म्हणाला होता. "उतरलं की दुखतं. तू नीट कर. दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

माझ्या उजव्या हातात सुरी होती. राखाडी बोट तिच्या पात्यावर आपोआप जागेवर बसलं. बाहेर दुसरं कडवं सुरू झालं. भालचंद्रनं हनुवटी वर केली आणि डोळे मिटले, न्हाव्याच्या वस्तऱ्यापुढे मिटतात तसे.